गुरांचे रक्त का आणि कसे तपासतात?

सिकलसेलची तपासणी आता आपल्या भागातील गावांना नवी राहिलेली नाही. आश्रमशाळेत शिबिर लागते, आशाताई घरोघरी निरोप देतात, बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त घेतले जाते आणि काही दिवसांनी अहवाल हाती येतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. तेव्हापासून तर रक्ततपासणी हा शब्द टोल्यावरच्या म्हाताऱ्या माणसांच्याही तोंडी आला आहे. रक्तात आजार दिसतो, आणि तो वेळेवर दिसला तर माणूस सांभाळता येतो, एवढे सर्वांना पटले आहे.

गोठ्यात मात्र ही गोष्ट अजून पोहोचलेली नाही. बैलाने चारा सोडला, गाय तापली, बकरी पातळ हगू लागली की आधी झाडपाल्याचे औषध होते, मग ओळखीच्या माणसाकडून एखादी सुई दिली जाते. दोन-चार दिवस वाट पाहिली जाते आणि मग पशुवैद्यकाला बोलावणे जाते. त्यांनी रक्ताचा नमुना घ्यायचे म्हटले तर घरधनी हात आखडतो. "आधीच जनावर खंगले, त्यात आणखी रक्त काढता?" हा प्रश्न आपल्या कार्यकर्त्यांनी अनेक गावांत ऐकलेला असेल. या लेखात त्याच प्रश्नाचे उत्तर आहे.

किती रक्त घेतात?

जनावराच्या वजनाच्या साधारण ७ ते ८ टक्के रक्त त्याच्या अंगात असते. म्हणजे २५० किलोच्या बैलाच्या अंगात साडेसतरा ते वीस लिटर रक्त झाले. तपासणीसाठी त्यातले घेतात ५ ते १० मिलिलिटर, म्हणजे फार तर दोन लहान चमचे. हा जवळजवळ दोन हजारांतला एक भाग आहे. २० किलोच्या बकरीच्या अंगात दीड लिटरच्या आसपास रक्त असते आणि तिच्याकडून ३ ते ५ मिलिलिटर पुरते. एवढ्याने जनावराची ताकद कमी होत नाही. अंगावरच्या गोचिडांची भरलेली लूट रोज याहून जास्त रक्त पिते, पण ते आपल्या डोळ्यांना दिसत नाही, एवढेच.

रक्त कोठून घेतात?

गाय, बैल, म्हैस आणि बकरी यांच्या मानेवर श्वासनळीच्या बाजूने एक लांबट खोबण असते. त्या खोबणीत मोठी शीर असते. खालच्या अंगाला अंगठ्याने दाब दिला की शीर फुगून वर येते आणि हाताला लागते. तेथील केस कापून, स्पिरिटच्या बोळ्याने जागा पुसून सुई घालतात. रक्त घेऊन झाले की आधी अंगठ्याचा दाब सोडतात, मग सुई काढतात आणि मिनिट-दोन मिनिटे कापसाने दाबून धरतात. दाब न सोडता सुई काढली तर कातडीखाली रक्त साचून गाठ येते.

मोठ्या जनावरात शेपटीच्या शिरेतूनही रक्त घेता येते. शेपटी सरळ वर उचलली की बुडापासून वीतभर अंतरावर, खालच्या बाजूला अगदी मधोमध ही शीर सापडते. जनावर खोड्यात उभे असेल तर हे काम सोपे जाते. कोंबडीचे रक्त पंखाखालच्या शिरेतून, कुत्र्याचे पुढच्या पायावरच्या शिरेतून आणि डुकराचे बहुधा कानाच्या शिरेतून घेतात.

हे काम पशुवैद्यकाचे किंवा त्यांच्या देखरेखीखाली काम करणाऱ्या पशुधन पर्यवेक्षकाचे आहे. आपण ते करायला जाऊ नये. पण जनावर कसे धरायचे, हे मालकाइतके कोणाला कळत नाही. रानातून धावडवत आणलेल्या जनावराचे रक्त लगेच घेऊ नये. धावपळीने आणि भीतीने रक्तातली साखर वाढते. पाणथरीत साठलेल्या तांबड्या पेशी रक्तात उतरतात आणि अशक्त जनावरही अहवालात धडधाकट दिसते. पंधरा-वीस मिनिटे सावलीत उभे करा, पाठीवर हात फिरवा, रोज चारा घालणाऱ्याच माणसाने दावे धरावे.

आणखी एक गोष्ट मालकाने डोळ्यांत तेल घालून पाहावी. एका जनावराला वापरलेली सुई दुसऱ्याला वापरू देऊ नये. रक्तातले काही आजार सुईवाटेच एका गुरातून दुसऱ्यात जातात. नमुना असो की औषध, प्रत्येक जनावराला नवी सुई, असे सांगण्याचा मालकाला हक्क आहे.

झाकणांचे रंग

पशुवैद्यकाच्या पेटीत रंगीत झाकणांच्या नळ्या दिसतात. ते रंग शोभेचे नाहीत. जांभळ्या झाकणाच्या नळीत ईडीटीए नावाचे द्रव्य असते. ते रक्त गोठू देत नाही, म्हणून त्यातल्या पेशी मोजता येतात आणि हिमोग्लोबिन पाहता येते. या नळीत खुणेपर्यंत रक्त भरून ती आठ-दहा वेळा हळूच उलटसुलट करायची असते. हलवलीच नाही तर रक्त गोठते. जोरात हलवली तर पेशी फुटतात. दोन्हीकडून नमुना वाया जातो.

लाल झाकणाच्या नळीत रक्त मुद्दाम गोठू देतात. ती तासभर उभी, न हलवता ठेवली की खाली लाल गोळा बसतो आणि वर पिवळसर पाणी सुटते. हे पाणी म्हणजे रक्तजल, ज्याला दवाखान्यात सीरम म्हणतात. पूर्वी कोणता आजार होऊन गेला आणि शरीराने त्याच्याशी झुंज दिली का, याच्या खुणा या पाण्यात सापडतात. यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्याही त्यावरच होतात. राखाडी झाकणाची नळी रक्तातील साखर पाहण्यासाठी असते.

नमुना उन्हात किंवा मोटारसायकलच्या तापलेल्या डिक्कीत ठेवला की तो बिघडतो. म्हणून लसीसाठी असते तशी थंड पेटी लागते. मात्र रक्ताची नळी उघड्या बर्फावर ठेवायची नाही, मध्ये कापड किंवा कागद हवा. रक्त गोठणपेटीत ठेवून त्याचा बर्फ झाला की सगळ्या पेशी फुटतात आणि तपासायला काही उरत नाही.

काचपट्टीवरचा एक थेंब

दूर जंगलातल्या गावांसाठी सर्वांत उपयोगी तपासणी सर्वांत स्वस्तही आहे. कानाच्या टोकाला सुई टोचून आलेला थेंब काचपट्टीच्या एका टोकाला घेतात. दुसरी काचपट्टी तिरपी धरून थेंबाला टेकवतात आणि एका दमात पुढे सरकवतात. रक्ताचा पातळ, जिभेच्या आकाराचा थर पसरतो. तो हवेत वाळवायचा, चुलीवर शेकायचा नाही. वाळताना माशा आणि मुंग्यांपासून जपायचा, कारण त्या थर चाटून खातात. पुढे मिथेनॉलमध्ये तो पक्का करून जिम्सा नावाच्या रंगाने रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. वीज नसलेल्या गावातून अशी वाळलेली काचपट्टी कागदात गुंडाळून तालुक्याला नेता येते. तिला बर्फ लागत नाही.

पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत गुरांना येणारे तीन ताप या काचपट्टीवर ओळखता येतात.

पहिला थायलेरिया. तो गोचिडांमुळे होतो. जनावराला जोराचा ताप येतो, खांद्यापुढची गाठ सुजते आणि पुढे डोळ्यांचा आतला भाग पांढरा पडतो. आपली गावरान गुरे, जसे गडचिरोली-चंद्रपूरकडची कठाणी किंवा वर्धा-नागपूरकडची गवळाऊ, या आजाराला बऱ्यापैकी तोंड देतात. पण योजनेतून मिळालेल्या संकरित गाई आणि त्यांची वासरे यात लवकर दगावतात. दूध वाढावे म्हणून संकरित गाय घेतलेल्या कुटुंबाने ही गोष्ट पक्की लक्षात ठेवावी.

दुसरा बबेशिया. हाही गोचिडांचाच. यात तांबड्या पेशी अंगातच फुटतात आणि लघवी कॉफीसारखी लालकाळी होते. आजार गोचिडांतून पसरतो हे अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी १८९३ मध्ये याच आजारावर सिद्ध केले. किडा किंवा गोचीड आजार वाहून नेते, याचा जगातला हा अगदी पहिल्या पुराव्यांपैकी एक. डासांमुळे हिवताप होतो हे त्यानंतर चार-पाच वर्षांनी कळले.

तिसरा सर्रा. तो मोठ्या चावऱ्या माशांमुळे पसरतो. म्हशी आणि बैल खंगत जातात, ताप येतो-जातो, काही जनावरे गोल गोल फिरतात आणि भिंतीला डोके लावून उभी राहतात. याचा जंतू १८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्स यांनी त्या वेळच्या पंजाबात, डेरा इस्माइल खान येथे घोड्या-उंटांच्या रक्तात शोधला. ताज्या रक्ताचा थेंब लगेच पाहिला तर हा जंतू पेशींमधून वळवळताना दिसतो. रक्तातली त्याची संख्या मात्र कमी-जास्त होत असते. एकदा नाही दिसला म्हणून आजार नाही असे म्हणता येत नाही, ताप चढलेला असताना पुन्हा नमुना घ्यावा लागतो.

बाहेरून पाहिले तर तिन्हींत ताप, अशक्तपणा आणि चारा सोडणे सारखेच. औषधे मात्र तिन्हींची वेगवेगळी आहेत. थायलेरियाची सुई महाग असते, आणि ती सर्ऱ्याच्या म्हशीला देऊन काहीच साधत नाही. अंदाजाने दिलेल्या दोन-तीन सुयांचा खर्च एका काचपट्टीपेक्षा कितीतरी जास्त होतो. शिवाय हातचे दिवस जातात ते वेगळेच. पेरणीच्या तोंडावर बैलजोडीतला एक बैल गेला तर त्या घराचा सगळा हंगाम दुसऱ्याच्या बैलांवर अवलंबून राहतो. म्हणून एक नियम ठेवावा: नमुना आधी, सुई नंतर. औषध दिल्यावर घेतलेल्या रक्तात जंतू सापडेनासे होतात आणि नेमका आजार कळण्याची संधी निघून जाते.

बकरीचे डोळे पाहा

बकऱ्यांचे रक्त बहुतेक वेळा पोटातले जंत पितात. पोटात राहणारा हिमाँकस नावाचा एक जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त घेतो. आकडा क्षुल्लक वाटतो. पण बकरीच्या पोटात असे हजार जंत असले, आणि पावसाळ्यात ते सहज असतात, तर रोज ५० मिलिलिटर रक्त गेले. दीड लिटर रक्ताच्या बकरीला हे किती दिवस परवडेल? प्रयोगशाळेत रक्ताची बारीक नळी जोरात फिरवून तांबड्या पेशींचा वाटा मोजतात. निरोगी बकरीत तो साधारण २२ ते ३८ टक्के असतो. तो १५ च्या खाली आला तर बकरी धोक्यात आहे असे समजावे.

घरच्या घरी याचा अंदाज घेता येतो. बकरीची खालची पापणी अंगठ्याने हळूच खाली ओढा. आतला भाग लाल-गुलाबी असेल तर ठीक. फिका गुलाबी असेल तर लक्ष ठेवा. पांढरा असेल, किंवा जबड्याखाली पाणी साचून सूज आली असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. दक्षिण आफ्रिकेत याच खुणेवरून रंगांचा तक्ता तयार झाला आणि तो आज जगभर वापरला जातो. आपल्या महिला बचत गटांनी पावसाळ्यात दर पंधरवड्याला सगळ्या बकऱ्यांच्या पापण्या पाहण्याचा दिवस ठरवला, तर बऱ्याच बकऱ्या वाचतील आणि नको त्या बकरीला जंताचे औषध पाजण्याचा खर्चही वाचेल.

गाय गाभ टाकते तेव्हा

गाभण गाय पाचव्या महिन्यानंतर गाभ टाकत असेल, आणि गावात असे दोन-तीन ठिकाणी घडत असेल, तर रक्तजलाची तपासणी करून घ्यावी. ब्रुसेला नावाचा जंतू यामागे असू शकतो. तपासणी सोपी आहे. रक्तजलाचा एक थेंब आणि गुलाबी रंगाच्या द्रावाचा एक थेंब मिसळतात आणि चार मिनिटांत गुठळ्या होतात का ते पाहतात. गाईला वासरूपणी ब्रुसेलाची लस दिली असेल तर ते डॉक्टरांना सांगावे, नाही तर अहवालाचा अर्थ चुकू शकतो. ही लस ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना आणि पारड्यांना एकदाच देतात. केंद्र सरकारच्या २०१९ मध्ये सुरू झालेल्या रोगनियंत्रण कार्यक्रमात ती आणि लाळ्या-खुरकूताची लस मोफत मिळते.

हा आजार माणसाला होतो, म्हणून त्याची काळजी दुप्पट. टाकलेला गाभ आणि जार उघड्या हाताने उचलू नये, कुत्र्यांना खाऊ देऊ नये, चुना टाकून खोल पुरावा. दूध उकळूनच प्यावे. घरात कोणाला महिनोन् महिने ताप येत-जात असेल, सांधे आणि कंबर दुखत असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात "आमच्या गाईने गाभ टाकला होता" हे एक वाक्य अवश्य सांगावे. त्या एका वाक्याने तपासणीची दिशा बदलते.

जे रक्त आपण कधीही काढायचे नाही

सकाळी चरायला गेलेले धडधाकट जनावर अचानक मेले, पोट झपाट्याने फुगले, नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून काळपट, न गोठणारे रक्त आले, तर ते जनावर कापायचे नाही. सोलायचे नाही, मांस वाटायचे नाही. ही फाशीची, म्हणजे अँथ्रॅक्सची खूण आहे. कापल्याने रक्ताला हवा लागते, जंतू टणक बीजरूप घेतात आणि मातीत कित्येक दशके जिवंत राहतात. त्या माळावर पुढच्या पिढीची गुरे मरू शकतात. माणसाच्या हातावर काळ्या खपलीचा फोड येतो, आणि मांस पोटात गेले तर जीवही जातो. ओडिशाच्या कोरापूट जिल्ह्यातील आदिवासी वस्त्यांत मेलेले जनावर हाताळल्याने आणि खाल्ल्याने असे रुग्ण वारंवार सापडले आहेत.

मोठे जनावर मेले की मांस वाया जाऊ द्यायचे नाही, ही गरिबीतून आलेली रीत आहे. तिला नावे ठेवण्याचा हक्क कोणाला नाही. पण अचानक मेलेल्या जनावराच्या बाबतीत ती मोडायलाच हवी. पशुवैद्यक हातमोजे घालून कानाच्या शिरेतून एक थेंब काचपट्टीवर घेतात, तेवढ्यात निदान होते. ते येईपर्यंत शव झाकून ठेवावे आणि गायक्याने बाकीची गुरे तिकडे नेऊ नयेत.

नमुना जातो कोठे?

काचपट्टी आणि साधी तपासणी अनेकदा तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात होते. पुढची सोय जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात असते. अवघड नमुने नागपूरला आणि पुण्याच्या रोग अन्वेषण विभागाला जातात. नागपूरला सेमिनरी हिल्सजवळ १९५८ मध्ये सुरू झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही याच शहरात आहे. जनावर, माणूस आणि जंगल यांच्या आजारांचा एकत्र अभ्यास करणाऱ्या राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपुरातच झाली. दवाखाना लांब असेल तर १९६२ या मोफत क्रमांकावर फोन करून फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला बोलावता येते.

नमुन्यासोबत माहिती गेली नाही तर प्रयोगशाळा अर्धी आंधळी असते. म्हणून मालकाने एवढे सांगावे:

• कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा १२ अंकी क्रमांक
• जनावराचे वय, गाभण आहे का, किती दिवसांपासून आजारी
• अंगावर गोचिडे आहेत का, लघवीचा रंग कसा आहे
• कोणती सुई, लस किंवा झाडपाला दिला आणि कधी
• गावात आणखी किती जनावरांना असेच झाले

डॉक्टरांनी दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त मागितले तर कंटाळू नये. पहिल्या आणि दुसऱ्या नमुन्यातला फरक पाहूनच काही आजार आता झाला की जुना, हे कळते.

बुळकांडी कशी गेली?

गावातल्या जुन्या माणसांना बुळकांडीचे नाव आठवत असेल. हा रोग आला की आखरावरची गुरेच्या गुरे जात. आजच्या तरुण गोपालकाने तो बहुधा पाहिलेलाही नाही. लसीने तो मागे हटवला. पण तो खरोखर गेला हे जगाला दाखवायचे कसे? त्यासाठी देशभर गावोगावी फिरून निरोगी गुरांच्या रक्ताचे नमुने घेतले गेले आणि त्यांत या रोगाची खूण नाही हे सिद्ध केले गेले. २००६ मध्ये भारत बुळकांडीमुक्त ठरला आणि २०११ मध्ये सारे जग. ज्या अनाम शेतकऱ्यांनी आणि गुराख्यांनी आपले धडधाकट जनावर धरून "घ्या रक्त" म्हटले, त्यांचा यात मोठा वाटा आहे.

लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलाच्या बाबतीत आज तेच काम चालू आहे. म्हणून कार्यकर्त्यांना विनंती, की पुढच्या ग्रामसभेत या लेखातील तीन गोष्टी तरी वाचून दाखवाव्यात: नमुना आधी, सुई नंतर, प्रत्येक जनावराला नवी सुई, आणि अचानक मेलेले जनावर कापायचे नाही. माडिया, गोंडी, कोलामी किंवा कोरकूत सांगितल्या तर अधिक चांगले. १९६२ हा क्रमांक समाजमंदिराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहावा, आणि पावसाळा लागण्याआधी गावात गुरांच्या तपासणीचा एक दिवस पशुवैद्यकांकडून ठरवून घ्यावा.